न्यू-ओलेसुंड : कोळशाच्या गावाची कथा



उत्तर ध्रुवाच्या वाटेवर, एकोणऐंशीव्या अक्षांशाच्या अगदी जवळ, स्पिट्सबर्गेन बेटावर न्यू-ओलेसुंड नावाची नॉर्वेची एक चिमुकली वसाहत आहे. हिवाळ्यात तिथे फार तर तीस-चाळीस माणसे असतात. उन्हाळ्यात पर्यटकांची जहाजे येतात, तेव्हा उतरण्यापूर्वीच बजावले जाते की, खिशातला फोन बंद ठेवा. कारण तिथल्या रेडिओ-दुर्बिणी अतिदूरच्या तारकाविश्वांचे क्षीण संदेश टिपत असतात. आखलेली वाटही सोडायची नाही. पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात.

पाहुणा घटकाभरात गाव पाहतो. त्याच्या ध्यानात दोन वस्तू राहतात : एक पोलादी मनोरा आणि कोळशाची एक जुनी आगगाडी. गावाचा सारा इतिहास या दोहोंत आहे.

मनोरा वायुनौका बांधण्यासाठी उभारलेला. ११ मे १९२६ रोजी अ‍ॅमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले 'नॉर्गे' या वायुनौकेतून इथूनच निघाले, दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेले आणि पुढे अलास्काला उतरले. कीर्तीच्या वाटणीवरून मग मने फाटली. तरीही १९२८ साली नोबिलेची 'इटालिया' बर्फावर कोसळली, तेव्हा त्याच्या शोधासाठी अ‍ॅमुंडसेन विमानातून धावला. तो परत आलाच नाही.

ही कथा जगाला ठाऊक आहे. आगगाडीची कथा मात्र कोणी फारशी विचारीत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे कोळशाची खाण सुरू झाली. पुढे ती सरकारच्या मालकीची झाली. अपघातांमागून अपघात झाले. अखेर ५ नोव्हेंबर १९६२ रोजी भूगर्भात स्फोट होऊन २१ कामगार ठार झाले. त्यांच्या मरणाचा जाब नॉर्वेच्या संसदेत विचारला गेला आणि ऑगस्ट १९६३ मध्ये गेरहार्डसेन यांचे सरकार कोसळले. खाण कायमची बंद झाली.

ओसाड पडू घातलेल्या त्या गावात मग शास्त्रज्ञ आले. आज अनेक राष्ट्रांची संशोधनकेंद्रे तिथे आहेत. आपले 'हिमाद्री' केंद्रही १ जुलै २००८ रोजी तिथेच सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्था पाहते.

गावामागे झेपेलिन नावाचा डोंगर आहे. त्यावरच्या वेधशाळेत हवेतील कार्बन डायऑक्साइड अहोरात्र मोजला जातो. खाली ज्या कोळशासाठी माणसे मेली, तसल्याच कोळशाच्या जगभरच्या धुराचा हिशेब आता वर मांडला जातो! आणि पाहुण्यांना घेऊन येणाऱ्या जहाजाचा धूरही त्या हिशेबातून सुटत नाही.

म्हणून सांगतो, मनोरा अवश्य पाहावा. पण आगगाडीपाशीही क्षणभर थांबावे. कीर्तिमंतांची नावे इतिहास जपतोच. त्या एकवीस जणांची आठवण ठेवणे आपल्याकडे आहे.