पतंगरथ

वाऱ्याच्या कर्षणशक्तीने, घोड्यांवाचून रस्त्यावर चालणारे वाहन. ब्रिस्टल येथील शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी सांगाड्याच्या प्रचंड पतंगांवर दीर्घकाळ प्रयोग करून ते सिद्ध केले व १८२६ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. या योजनेचे मर्म पतंगांच्या विस्तारात नसून नियंत्रणात आहे, असेच म्हणावे लागते : मुख्य पतंगास चार दोऱ्या असत आणि त्यांपैकी वरच्या व खालच्या दोऱ्यांची सापेक्ष लांबी बदलून त्याचा वाऱ्याशी होणारा कोन, आणि पर्यायाने ओढ, कमीअधिक करता येई, तर बाजूच्या दोऱ्यांनी तो डावीउजवीकडे वळविता येत असल्यामुळे रथ वाऱ्याच्या दिशेस तिरकाही चाले. मुख्य पतंगाच्या वर एक मार्गदर्शक पतंग उडे. इंग्लंडातील नाक्यांवरची पथकराची आकारणी जुंपलेल्या जनावरांच्या हिशेबाने होत असल्याने या रथाकडून वसूल करण्याजोगी रक्कमच ठरत नसे. वाऱ्याची अनिश्चितता व रस्त्याकडेची झाडे यांमुळे त्याचा प्रसार मात्र झाला नाही. पुढे सॅम्युएल कोडी यांनी १९०३ मध्ये पतंगाने ओढलेल्या नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली. आजच्या अनेक कर्षण-पतंगांतही चार दोऱ्यांचेच नियंत्रण आढळते.