फिलाडेल्फियाचे मेसॉनिक टेम्पल : एका बंधुसंघाची वास्तू

संस्थेचे कार्य माणसे करतात. परंतु ती माणसे काळाच्या पडद्याआड गेल्यावर त्यांच्या मनोवृत्तीची साक्ष त्यांनी उभारलेली वास्तूच देत राहते. आपल्यासारख्या प्रत्येक ज्ञातिसंस्थेला स्वतःचे सभागृह असावे असे वाटते, आणि ते योग्यच आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत एका परदेशीय बंधुसंघाच्या सभागृहाची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचे योजिले आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातील ‘मेसॉनिक टेम्पल’ हे ते सभागृह होय.

हा संघ फ्रीमेसन लोकांचा. दगड घडविणाऱ्या जुन्या गवंड्यांच्या मंडळ्यांची परंपरा तो सांगतो. इ. स. १७१७ साली लंडनमधील चार शाखांनी एकत्र येऊन मध्यवर्ती ‘ग्रँड लॉज’ स्थापिली. पुढे प्रत्यक्ष गवंडीकाम राहिले नाही. व्यापारी, वकील, सरदार असे लोक सभासद झाले. तथापि गवंड्याची हत्यारे मात्र नीतीची प्रतीके म्हणून टिकली. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वर्तन, असा त्यांचा अर्थ सभासदांस शिकविला जाई. त्यांचे विधी बंद दाराआड चालत. त्यामुळे हिंदुस्थानात कित्येक ठिकाणी सामान्य लोक लॉजला ‘जादूघर’ म्हणत!

फिलाडेल्फियाच्या वास्तूची कोनशिला २४ जून १८६८ रोजी बसविण्यात आली. अमेरिकेच्या संसदभवनाची कोनशिला बसविताना १७९३ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांनी वापरलेली मोगरी या समारंभासही वापरली गेली. स्थापत्यकार जेम्स विंडरिम याची निवड झाली तेव्हा त्याचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. सुमारे २५० फूट लांब व १५० फूट रुंद अशी ही इमारत ग्रॅनाइटची आहे. दगड खाणीतच घडवून, त्यांवर खुणा व क्रमांक घालून ते जागेवर आणले गेले. सॉलोमन राजाच्या मंदिराच्या जागी हातोड्याचा आवाज झाला नाही, अशी बायबलातील कथा आहे. तिचेच हे अनुकरण. अर्धवर्तुळाकार कमानीचे भव्य नॉर्मन प्रवेशद्वार आणि सुमारे २५० फूट उंचीचा मनोरा दुरूनही लक्ष वेधून घेतात. २६ सप्टेंबर १८७३ रोजी उद्घाटन झाले. खर्च आला सुमारे सोळा लक्ष डॉलर.

परंतु या वास्तूचे खरे वैभव आत आहे. आत सभेची सात दालने असून प्रत्येकाची शैली निराळी आहे : इजिप्शियन, आयोनिक, कोरिंथियन, नॉर्मन, गॉथिक, रेनेसाँ आणि पौर्वात्य. बरीचशी अंतर्गत सजावट जॉर्ज हर्झोग या कलावंताच्या देखरेखीखाली १८८७ पासून अनेक वर्षे चालली होती. पौर्वात्य दालनात स्पेनमधील ग्रानाडा येथील अलहंब्रा राजवाड्याची नक्षी उतरविली आहे. गॉथिक दालनातील मुख्य आसन कँटरबरीच्या आर्चबिशपच्या सिंहासनाबरहुकूम कोरलेले आहे. नॉर्मन दालनातील मूर्तींच्या हाती ओळंबा, थापी, गुण्या अशी हत्यारे आहेत. आणि इजिप्शियन दालन पाहावे तर लक्सर, कर्नाक, फिले येथील देवळांच्या धर्तीचे बारा प्रचंड स्तंभ, आणि भिंतींवर प्राचीन चित्रलिपी. ही चित्रलिपी केवळ शोभेची नव्हे. ती जाणत्याला वाचता येते. १९८५ साली ही वास्तू राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक म्हणून घोषित झाली.

एवढे वाचून मन प्रसन्न होते. अनेक संस्कृतींना एका छपराखाली मानाचे स्थान! परंतु इतिहास शिकविणाऱ्याने भिंतींइतकेच दाराकडेही पाहावे.

याच फिलाडेल्फियात १७९७ साली कृष्णवर्णीय सभासदांना आपली लॉज काढावयाची होती. गोऱ्यांच्या लॉजनी त्यांना नकार दिला. तेव्हा त्यांनी बोस्टनच्या प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय पुढाऱ्याकडून अनुज्ञा मिळविली. ॲबसलम जोन्स व रिचर्ड ॲलन हे धर्मोपदेशक त्यांत अग्रणी होते. गोऱ्या ग्रँड लॉज व प्रिन्स हॉल परंपरेच्या लॉज यांच्यातील परस्परमान्यतेची सुरुवात १९८९ साली कनेक्टिकट राज्यात झाली व मग एकेका राज्याने ती उचलली. म्हणजे आफ्रिकेच्या भूमीवरील देवळांचे स्तंभ ज्या संघाने कौतुकाने उभारले, त्याचेच दार आफ्रिकेच्या लेकरांना बंद होते.

आपल्या देशातही हेच घडले. माणकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईच्या लॉजने नाकारले. ते पॅरिसला जाऊन सभासद झाले. पुढे १८४३ साली डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने हिंदी लोकांना प्रवेश देणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज मुंबईत निघाली. कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त या हिंदू गृहस्थांना प्रवेश मिळावयास बराच वाद होऊन १८७२ साल उजाडले.

हे लिहिताना दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविण्याचा हेतू नाही. तरुणपणी मी एका ज्ञातीच्या वसतिगृहाचे काम पाहत असे. दोन खाटा रिकाम्या असताना अन्य ज्ञातीचा एक हुशार, गरीब विद्यार्थी पावसात वळकटी घेऊन आला. नियमावर बोट ठेवून त्याला परत पाठविण्यात आले. मी तेथे उपस्थित होतो आणि काही बोललो नाही. त्यानंतर वर्गात ‘बंधुभाव’ हा शब्द फळ्यावर लिहिताना ती ओली वळकटी मला अनेकदा आठवली.

आपले सभागृह व्हावे, सुंदर व्हावे, त्यासाठी प्रत्येक कुटुंबाने यथाशक्ती हातभार लावावा. मात्र नकाशा काढताना दाराची रुंदी आधी ठरवावी. ज्ञातीच्या पैशातून बांधलेल्या वाचनालयात, वसतिगृहात कोणाही होतकरू मुलास जागा मिळाली, तर ज्ञातीचे नाव कमी होत नाही, वाढते. भिंतीला ओळंबा लावणारे गवंडी आपणांस मिळतील. मनाला तो ज्याचा त्यानेच लावावयाचा आहे.