गिल्डर डॉक्टर, दारूबंदी आणि आपल्या गल्लीतलं नर्सिंग होम

चिंचपोकळीकरांना कस्तुरबा हॉस्पिटलचा पत्ता सांगावा लागत नाही. जुनी माणसं त्याला अजून आर्थर रोड हॉस्पिटल म्हणतात. १८९६ च्या प्लेगमध्ये 'आपल्या माणसाला तिथे नेऊन मारतात' अशी अफवा उठली आणि गिरणी कामगारांनी याच हॉस्पिटलवर हल्ला केला होता. २०२० मध्ये कोविड आला तेव्हाही मुंबईतले सुरुवातीचे रुग्ण इथेच आणले गेले.

ज्या कस्तुरबांचं नाव या हॉस्पिटलला आहे, त्यांच्यावर शेवटच्या आजारपणात उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक पुढे आपल्या राज्याचे आरोग्यमंत्री होते. डॉ. मंचेरशा गिल्डर. हृदयरोगाचे नामवंत डॉक्टर, मुंबईचे पारशी गृहस्थ. आज त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून ही पोस्ट जरा लांबली तरी वाचा.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं पहिलं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं. त्यात गिल्डरांकडे दोन खाती होती, सार्वजनिक आरोग्य आणि अबकारी. आता गंमत बघा. एका हाताने लोकांची तब्येत सांभाळायची आणि दुसऱ्या हाताने दारूवरचा कर गोळा करायचा! गिल्डरांनी कर सोडला. १ ऑगस्ट १९३९ ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. तिजोरीतली तूट भरायला शहरातल्या घरामालमत्तेवर १० टक्के कर बसला. मालमत्तावाले चिडले. दारू-ताडीच्या धंद्यात पारशी बरेच होते, त्यामुळे गिल्डरांना सगळ्यात जास्त बोलणी खावी लागली ती स्वतःच्याच समाजाकडून. तरी माणूस हटला नाही.

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि बंदीही ढिली पडली. १९४२ च्या आंदोलनात गिल्डर तुरुंगात गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये २१ दिवसांचा उपवास केला, तेव्हा सरकारने या कैदी डॉक्टरला त्यांच्या देखरेखीसाठी तिथे आणलं. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १९४४ ला, कस्तुरबा तिथेच गेल्या.

१९४६ मध्ये खेरांचं दुसरं मंत्रिमंडळ आलं आणि गिल्डर पुन्हा आरोग्यमंत्री झाले. या काळातले १९४९ चे दोन कायदे आजही आपल्या अंगणात आहेत.

पहिला, मुंबई दारूबंदी कायदा. तो सगळ्यांना ठाऊक. त्याचं काय झालं तेही ठाऊक. गिरणगावात दारू थांबली नाही, हातभट्टी आली. धंदा गुत्त्यातून खोलीत गेला आणि हप्त्याची साखळी तयार झाली. पुढे सरकारने बंदी सैल केली, पण कायदा राहिला. बारच्या पाटीवर आपण 'परमिट रूम' वाचतो ना, त्यातलं परमिट याच कायद्यातलं. हेतू चांगला होता हे मी मान्य करतो. पण दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सात माणसं, आठ तास साच्यावर उभं राहून आलेलं अंग आणि डोक्यावर कर्ज, हे सगळं तसंच ठेवून नुसती बाटली काढून घेतली तर काय होणार?

दुसरा कायदा नर्सिंग होम नोंदणीचा. त्याच्यावर ना मोर्चा निघाला, ना कुणी शिव्या घातल्या. खासगी दवाखान्यात माणूस दाखल करून घ्यायचा असेल तर आधी नोंदणी करा, तपासणीला तयार राहा, एवढीच साधी गोष्ट. पण तो आजही चालतो. मुंबईत महापालिका याच कायद्याखाली नर्सिंग होमची नोंदणी करते. २०२१ मध्ये याच्या नियमांत दुरुस्ती झाली. आता रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे.

माझं म्हणणं एवढंच. डॉक्टर आमदार झाला म्हणून आरोग्य आपोआप सुधारत नाही. 'हे बंद करा' म्हणणारा कायदा गाजतो. 'हे नोंदवा, हे तपासा, हे लोकांना दाखवा' म्हणणारा कायदा गाजत नाही, पण पंचाहत्तर वर्षांनंतरही तोच आपल्या उपयोगी पडतो. अर्थात, तो राबवायला तपासणारी माणसं लागतात आणि आपण विचारावं लागतं.

तेव्हा मंडळी, दोन कामं करा. आपल्या गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये दरपत्रक आणि सनद लावली आहे का, जाता-येता बघा. आणि मतं मागायला कुणी चाळीत आला की विचारा, 'साहेब, सभागृहात आरोग्यावर तुम्ही किती प्रश्न विचारलेत?' मेडिकल कॅम्पच्या बॅनरवरचा फोटो हे त्याचं उत्तर नाही, हेही नम्रपणे सांगा.