अरण्यांतील अक्षरओळख

लहान मुलाला अक्षर शिकवावयाचें म्हणजे नक्की काय शिकवावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. पाटीवर 'क' काढून द्यावा, मुलाकडून तो गिरवून घ्यावा, त्याचें नांव पाठ करून घ्यावें, कीं काम झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु अक्षर ही नुसती आकृति नव्हे. तोंडांतून निघणाऱ्या ध्वनीची ती खूण आहे. खूण आणि ध्वनि यांची गांठ मनांत पडली म्हणजे मूल वाचूं लागतें. ती पडली नाहीं तर वर्षानुवर्षें गिरवूनहि तें अक्षरशत्रूच राहतें. ही गांठ कशी पडते आणि कशी पडत नाहीं, याचा मोठा बोधप्रद इतिहास चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या अरण्यमुलखांत घडला आहे.

महाराष्ट्रांतील जुन्या पंतोजींच्या शाळेंत शिक्षणाचा आरंभ धूळपाटीवर होत असे. 'ओम् नमः सिद्धम्' या मंगलवचनावरून 'ओनामा' हा शब्द रूढ झाला. प्रथम मुळाक्षरें, मग बाराखडी, मग जोडाक्षरें असा ठराविक क्रम असे. या क्रमामागें शास्त्र होतें, यांत शंका नाहीं. कंठ, तालु, मूर्धा, दंत आणि ओष्ठ या उच्चारस्थानांवरून वर्णांची मांडणी करणारी वर्णमाला ही प्राचीन ध्वनिशास्त्राचें उत्तम फळ होय. इंग्रज मुलाला अक्षराचें नांव एक आणि त्याचा ध्वनि दुसरा, असें दुहेरी शिकावें लागतें. म्हणून तिकडे ध्वनिपद्धति श्रेष्ठ कीं शब्दपद्धति श्रेष्ठ, हा वाद दीर्घकाळ चालला. मराठी 'ब' चें नांव व उच्चार एकच असल्यामुळें हा घोटाळा मराठी मुलाच्या वाट्यास येत नाहीं.

परंतु जो क्रम वैयाकरणाला सोयीचा, तोच बालकाला सोयीचा असतो असें मात्र नाहीं. मराठींत व्यंजनें ३४ धरलीं आणि प्रत्येकाचीं बारा रूपें मानलीं, तर बाराखडी ४०८ अक्षरांची होते. ती सगळी संपेपर्यंत ज्याला अर्थ आहे असा शब्द मुलाच्या दृष्टीस क्वचितच पडतो. तें सुरांत घोकतें, पण वाचीत नाहीं. शिवाय उच्चार व अक्षर यांचें नातें मराठींतहि सर्वत्र सरळ नाहीं. 'चार' मधील 'च' तालव्य, तर 'चाक' मधील 'च' दंततालव्य. अक्षर मात्र एकच. 'श' आणि 'ष' यांतील भेद लिहिण्यांत उरला, बोलण्यांत बहुधा उरला नाहीं. ऱ्हस्व-दीर्घाची गोष्ट तर सर्वांच्या अनुभवाची आहे.

पाश्चात्य देशांत या विषयाला नवें वळण देणाऱ्यांत मारिया माँटेसरी यांचें नांव प्रमुख आहे. १९०७ सालीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांनीं बालगृह उघडलें. तेथें खरखरीत कागदाचीं अक्षरें करून मुलें त्यांवरून बोट फिरवीत आणि त्याच वेळीं त्या अक्षराचा ध्वनि उच्चारीत. डोळा, बोट आणि कान अशीं तिन्ही द्वारें एकदम उघडत, आणि मूल वाचण्यापूर्वींच लिहूं लागे. हे विचार गुजराती व मराठी घरांत आणण्याचें श्रेय गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांना आहे. १९२६ सालीं त्यांनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. पुढें १९४५ सालीं ताराबाई शहर सोडून बोर्डीच्या खेड्यांत गेल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डी व नंतर कोसबाड येथें वारली मुलांमध्यें काम करतांना त्यांना असें दिसून आलें कीं, मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेनें मुलाकडे गेलें पाहिजे. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं निघालेली कुरणशाळा हें या विचाराचेंच फळ.

चांद्याच्या अरण्यांत मात्र या प्रश्नाला आणखी एक बाजू होती, आणि ती सर्वांत कठीण होती. तेथील गोंड व माडिया मुलांची घरची भाषा मराठी नव्हे. गोंडी ही द्राविडी कुळांतील भाषा. तेलुगु व कानडी या तिच्या नात्यांतल्या. मराठी पहिल्या पुस्तकांत घराचें चित्र काढून त्याखालीं 'घ' लिहिलेला असतो. मराठी मूल चित्र पाहून 'घर' म्हणतें, त्या शब्दाच्या आरंभींचा ध्वनि त्याच्या कानांत असतो आणि 'घ' ची ओळख पटते. गोंड मूल तेंच चित्र पाहून 'रोन' म्हणतें. त्याच्या हिशेबीं त्या आकृतीचा उच्चार 'रो' असला पाहिजे! पाणी त्याच्या भाषेंत 'येर'. मासा मात्र 'मीन'. म्हणून 'म' योगायोगानें साधतो. भरींत भर म्हणजे द्राविडी भाषांच्या मूळ शब्दांत घ, ध, भ यांसारखे महाप्राण वर्ण नसतात. तेव्हां जो ध्वनि कानाला परका, त्याचीच खूण प्रथम शिकण्याचा प्रसंग त्या मुलावर येतो. अशा मुलाला मंदबुद्धि म्हणणें सोपें असतें. वास्तविक त्याची बुद्धि योग्य तेंच करीत असते. चित्रच त्याला चुकीच्या वाटेनें नेत असतें.

हें ओळखून केलेला एक मोठा प्रयोग हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यांत झाला. आज चंद्रपूर जिल्ह्यांत असलेला राजुऱ्याचा मुलूख त्या काळीं आदिलाबादेंतच मोडत असे. राखीव जंगलाच्या व्यवस्थेनें आणि सावकारांच्या कागदांनीं गोंडांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या. १९४० सालीं कुमरम भीम याच्या नेतृत्वाखालीं गोंडांनीं प्रतिकार केला, आणि जोडेघाट येथें पोलिसांच्या गोळीबारांत तो आपल्या साथीदारांसह मारला गेला. या उठावानंतर संस्थानानें गोंडांच्या स्थितीची चौकशी करविली. तें काम ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे आलें. जमिनीचा हक्क दिला तरी पट्टा वाचतां आला नाहीं, तर तो हक्क टिकणार नाहीं, हें त्यांनीं जाणलें. १९४३ सालीं उटनूर भागांतील मारलवाई या गोंडांच्या गांवीं शिक्षकांचें शिक्षणकेंद्र सुरू झालें.

या केंद्राची घडण लक्ष देण्याजोगी आहे. बाहेरचा शिक्षक आणून गोंडांत बसवावयाचा नाहीं, तर गोंडांतूनच शिक्षक तयार करावयाचा, असें धोरण ठरलें. परंतु साक्षर गोंड मिळणेंच दुर्मिळ. जे थोडे मिळाले त्यांना अक्षरें येत होतीं तीं मराठीमुळें. संस्थानची दरबारी भाषा उर्दू होती; तरी मुलांचें पहिलें पुस्तक गोंडी भाषेंत आणि देवनागरी लिपींत तयार करण्यांत आलें. गोंडीसाठीं स्वतंत्र लिपि रचण्याचे यत्नहि झाले होते. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसाराम यांनीं १९१८ सालीं अशी लिपि सिद्ध केली होती. परंतु शिक्षकाला जी लिपि आधीच येते आणि बाजाराच्या गांवीं जी पाटीवर दिसते, तीच घेणें व्यवहाराला धरून होतें. देवनागरीचा गुण असा कीं, ती जसें बोलावें तसें लिहूं देते. 'रोन' आणि 'येर' लिहावयास तिला कोणतीच अडचण पडत नाहीं. मूल आपलाच शब्द ऐकतें, त्याचे तुकडे करतें, प्रत्येक तुकड्याची खूण शिकतें. एकदां ही युक्ति कळली कीं दुसरी भाषा वाचणें हा पुढचा टप्पा ठरतो. या शिक्षणांतून निघालेले गोंड तरुण शिक्षक झाले, कांहीं गांवकामगार झाले. इतिहासकार म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले सेतुमाधवराव पगडी हे संस्थानच्या नोकरींत याच भागांत होते. त्यांनीं गोंडी आत्मसात् करून तिचें व्याकरण लिहिलें.

१९५६ सालीं भाषावार प्रांतरचना झाली. उटनूर तेलुगु राज्यांत गेलें. राजुरा प्रथम नांदेड जिल्ह्यांत व १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला. तिकडे तेलुगु माध्यम आलें, इकडे मराठी. गोंडी पहिलें पुस्तक दोहींकडे मागें पडलें. विलक्षण गोष्ट अशी कीं, याच १९५६ सालीं सातव्या दुरुस्तीनें राज्यघटनेंत ३५० अ हें कलम घातलें गेलें. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत देण्याची सोय राज्यांनीं करावी, असें तें सांगतें. कलम कागदावर आलें आणि पुस्तक पाटीजवळून गेलें.

त्यानंतरचा इतिहास तुटक प्रयत्नांचा आहे. १९७३ सालीं बाबा आमटे यांनीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प स्थापिला, डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना औषध देण्यापूर्वीं माडिया भाषा शिकावी लागली. १९७६ सालीं तेथें शाळा सुरू झाली. १९८२ सालीं गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. २०१९ सालीं धानोरा तालुक्यांतील मोहगांवच्या ग्रामसभेनें आपल्या मुलांसाठीं गोंडी शाळा काढली. इकडे फलटण येथें मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्रज्ञ विदुषींनीं १९८४ सालीं प्रगत शिक्षण संस्था स्थापून मराठी वाचनाच्या क्रमाचाच फेरविचार केला. सगळी वर्णमाला संपण्याची वाट न पाहतां मोजकीं अक्षरें व त्यांबरोबर कान्यासारखीं स्वरचिन्हें प्रथम शिकवावीं, म्हणजे पहिल्या कांहीं दिवसांतच मूल अर्थपूर्ण शब्द वाचतें, हें त्या पद्धतीचें सार होय.

या दोन वाटा एकमेकींस पूरक आहेत. फलटणची वाट अक्षरें कोणत्या क्रमानें द्यावीं हें सांगते. मारलवाईची वाट तीं कोणाच्या शब्दांतून द्यावीं हें सांगते. पहिली पाळून दुसरी सोडली, तर राजुऱ्याच्या डोंगरांतील मूल उत्तम क्रमानें लावलेले, पण न कळणारे शब्द वाचील. दुसरी पाळून पहिली सोडली, तर तें आपलीच भाषा बाराखडीच्या सुरांत घोकीत बसेल. शहरांतील ज्या घरांत आज मुलाच्या तोंडीं एक भाषा आणि त्याच्या पहिल्या पुस्तकांत दुसरी असते, त्या घरांनाहि हा अरण्यांतील अनुभव परका वाटूं नये. मुलाला अक्षर दाखविण्यापूर्वीं त्या अक्षराचा ध्वनि त्याच्या स्वतःच्या कोणत्या शब्दांत आहे, एवढें विचारून घेण्यास कोणत्याहि सरकारी योजनेची आवश्यकता नाहीं.