ड्युओलिंगो
ड्युओलिंगो ही उपयोजनाद्वारे (ॲप) भाषा शिकवणारी अमेरिकन कंपनी आहे. ग्वाटेमालात जन्मलेले लुई फॉन आन व स्वित्झर्लंडचे सेव्हेरिन हॅकर यांनी २०११ मध्ये पिट्सबर्ग येथे तिची स्थापना केली. हिंदीतून इंग्रजी शिकण्याचा अभ्यासक्रमही तीवर उपलब्ध आहे.

व्यवसाय
विद्यार्थ्यांनी सरावादाखल केलेली भाषांतरे सीएनएन, बझफीड यांसारख्या संस्थांना पुरवून उत्पन्न मिळवण्याची आरंभीची पद्धत पुढे सोडून देण्यात आली. २०१७ मध्ये वर्गणी योजना सुरू झाली. धडे विनामूल्य असले, तरी त्यांत जाहिराती येतात व सरावावर मर्यादा असते. वर्गणीदारांना यांतून सूट मिळते. वर्गणीदार एकूण वापरकर्त्यांत अल्पसंख्य आहेत; तरीही बहुतांश उत्पन्न त्यांच्याकडूनच येते आणि इतरांचे विनामूल्य शिक्षण मुख्यतः त्यावरच चालते. २०२१ मध्ये कंपनीच्या समभागांची नॅसडॅक शेअर बाजारात नोंदणी झाली.