'शुगर फ्री' म्हणजे नेमकं काय?

मुंबई-गोवा महामार्गावर कोलाडला गाड्या थांबतात. कुंडलिकेत राफ्टिंगला आलेली पोरं झिरो कोलाचा कॅन उघडतात, तर शुगर असलेले काका खिशातली छोटी डबी काढून चहात गोळी टाकतात. साखर दोन्हीकडे नाही, तरी चव गोड. ही गोडी कृत्रिम स्वीटनरची.

यातलं सगळ्यात जुनं सॅकरिन. 1879 मध्ये अमेरिकेत डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर काम करताना कॉन्स्टँटिन फालबर्गला ते सापडलं, तेही हाताला लागलेली चव जेवताना कळली म्हणून! सॅकरिन साखरेच्या सुमारे 300 पट गोड असतं, अस्पार्टेम 200 पट, सुक्रालोज 600 पट. चिमूटभरही लागत नाही, त्यामुळे कॅलरी जवळजवळ शून्य.

'आम्ही असलं काही खात नाही' म्हणणाऱ्यांनी गोड सुपारीचं पाकीट वाचावं. सुपारी आणि पानमसाल्यात सॅकरिन चालतं. अनेक टूथपेस्टमध्येही ते असतं.

मग वजन कमी होतं का? मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं, वजन आटोक्यात ठेवण्यासाठी हे पदार्थ वापरू नका. दीर्घकाळात चरबी कमी झाल्याचं दिसत नाही. हा सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांसाठी नाही, पण व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकं हेच वाक्य गळतं. त्यामुळे फॉरवर्ड वाचून गोळी सोडून पुन्हा साखर सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

जुलै 2023 मध्ये अस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकलं गेलं. पुरावा मर्यादित होता, म्हणून रोजची मर्यादा बदलली नाही. वजनाच्या दर किलोमागे 40 मिलिग्रॅम, म्हणजे 70 किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला 9 ते 14 डाएट कॅन लागतील.

खरी फसगत मिठाईत होते. शुगर फ्री पेढ्यात साखर नसली तरी खवा असतोच. बिस्किटात मैदा असतोच. रक्तातली साखर त्यानेही वाढते.

अस्पार्टेमची गोळी चहा उकळताना टाकू नका, उष्णतेने गोडी उतरते. कपात ओतल्यावर टाका. पाकिटावर 951 म्हणजे अस्पार्टेम, 954 सॅकरिन, 955 सुक्रालोज. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांना अस्पार्टेम अजिबात चालत नाही.