डीएनएसची सामाईक किल्ली आणि ती घडवणारी साधने

इंटरनेटवरच्या नावांना पत्ते जोडून देणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. एका सर्व्हरने दुसऱ्याची ओळख पटवून घ्यावी अशी तरतूद तिच्यात नव्हती; आयपी पत्त्यावर भरवसा ठेवून भागत होते. १९९७ मध्ये चालू सर्व्हरवरच्या नोंदी दुरून बदलण्याची सोय झाली आणि ही उणीव धोक्याची ठरली. पत्त्याची बतावणी करून कोणीही नोंदी फिरवू शकला असता. त्यावरचा तोडगा, टीसिग, मे २००० मध्ये आरएफसी २८४५ या मानक-दस्तऐवजातून आला. यात दोन्ही सर्व्हरकडे एकच गुप्त किल्ली असते आणि तिच्या आधारे प्रत्येक संदेशावर सही होते.

बाइंड ९ या डीएनएस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ही किल्ली तयार करण्याचे काम डीएनएससेक-कीजेन या साधनाकडे होते. ते साधन मुळात सार्वजनिक आणि खासगी किल्ल्यांच्या जोडीसाठी. त्यामुळे टीसिगसाठीही ते दोन फायली बनवी आणि गुपित मात्र दोन्हींत तेच असे. एमडी५ या ठसा-पद्धतीवर बेतलेल्या एचमॅक-एमडी५ या सही-पद्धतीची किल्ली असेल तर फायलींच्या नावात १५७ हा आकडा येई. दोनपैकी एक फाइल सार्वजनिक वाटावी असेच तिचे रूप होते. ती उघडी ठेवली की गुपित फुटले. या साधनाचा खरा दोष हाच. शिवाय प्रशासकाला खासगी फाइल उघडून त्यातली बेस-६४ अक्षरे नेम्ड.कॉन्फ या मांडणीच्या फाइलमध्ये हाताने डकवावी लागत, आणि एक अक्षर सुटले तरी सही जुळत नसे. शांत पडलेल्या यंत्रावर किल्लीसाठी पुरेशी यादृच्छिकता जमेपर्यंत आज्ञा अडून बसे. म्हणून कळफलक बडवून ती पुरवण्याचा पर्यायही दिलेला होता.

२००४ मध्ये एमडी५मध्ये टक्कर, म्हणजे दोन वेगळ्या मजकुरांचा एकच ठसा, घडवून दाखवली गेली. एचमॅक-एमडी५ त्याने मोडले नाही, पण भरवसा उडाला. २००६ मध्ये एसएचए कुळातल्या ठसा-पद्धती टीसिगमध्ये आल्या. २०२० च्या आरएफसी ८९४५ ने एमडी५ वापरू नये असे सांगून एसएचए-२५६ची शिफारस केली.

दरम्यान बाइंडमध्ये टीसिग-कीजेन हे नवे साधन आले होते. ते फायली बनवत नाही. नाव, पद्धत आणि गुपित असलेला तयार मजकूर छापते, तोच दोन्ही सर्व्हरच्या मांडणीत जसाच्या तसा ठेवायचा. पद्धत सांगितली नाही तर ते एसएचए-२५६ धरते. २०१९ च्या बाइंड ९.१४ पासून डीएनएससेक-कीजेनमधून एचमॅक किल्ल्या काढून टाकल्या गेल्या. ते आता मुख्यतः झोनवर, म्हणजे नावांच्या नोंदींच्या संचावर, सही करण्याच्या जोडकिल्ल्यांसाठी उरले आहे, तर सर्व्हरला आज्ञा देणाऱ्या आरएनडीसीची किल्ली आरएनडीसी-कॉन्फजेन घडवते.